न सोडलेली मोळी

मनकर्णाला पाच पोरांचे वाढदिवस तोंडपाठ होते, आणि त्या पाचातलं एकही पोर तिचं नव्हतं. हानू, जेबिन, दोहा, रिऊ आणि सोजून. तोंडात घोळवून घोळवून ही नावं तिनं अशी गुळगुळीत केली होती की ऐकणाऱ्याला वाटावं, भावकीतलीच पोरं असतील. 'मूनलॅडर' नावाचं कोरियातल्या गाणाऱ्या पोरांचं टोळकं होतं ते. केस रंगवलेले, कानात डूल, अंगानं काडी. तिचा नवरा अजिनाथ मोबाईलात डोकावून म्हणायचा, "ह्यातल्या एकाला तरी मोळी उचलंल का? दबून मरंल बेनं."

"तुमाला तरी त्यांच्यावानी नाचता येतंय का? नुस्ता पाय उचलला तरी कंबर धरून बसता."

मनकर्णाला ह्या पोरांचं खूळ कसं लागलं, ते सांगायचं तर आधी तिच्या लेकीचं सांगावं लागतं.

पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या अंगाला तिचं गाव. रान आहे, पण कुसळं पिकवणारं. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं दाराला कुलूप लावून ट्रॅक्टरात बसतात, ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगंमागं परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मनकर्णा अंगावरची हळद निघायच्या आत अजिनाथच्या कोयत्याचा अर्धा भाग झाली. शाळा चौथीपर्यंतची. तोडणी नवऱ्याची, मोळी तिची. उसाच्या शेंड्याचं वाढं पिळून त्याचा बंद करायचा, वर ऊस रचायचे, गुडघा दाबून आवळायचं, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. तिनं बांधलेली मोळी फॅक्टरीच्या गव्हाणीत पडेपर्यंत सुटत नाही, असं टोळीतले लोक म्हणायचे. तिला त्याचा मान वाटायचा. दुसरा कसला मान वाट्याला आलाही नव्हता.

पोरगी एकच, धनश्री. लहान होती तोवर उसाच्या फडात आईबापाबरोबर पाचटाच्या कोपीत राहिली. पाचवीला गेल्यावर शाळा बुडायला नको म्हणून आजीपाशी ठेवली. म्हातारी लंकाबाई कडक, पण नातीवर जीव टाकणारी. आधी वर्षातले सहा महिने पोरगी आजीची असायची नि सहा महिने आईची. मग हळूहळू आईच्या वाट्याचे महिनेही आजीकडेच गेले. मनकर्णा पाडव्याला घरी यायची तेव्हा पोरगी पाव्हणी आल्यासारखी पाणी आणून द्यायची. मनकर्णा पाणी पिऊन तांब्या तिच्याच हातात परत द्यायची.

दहावीच्या वर्षाची दिवाळी झाली. ट्रॅक्टर दारात उभा. भांडीकुंडी चढली, शेळी चढली. आणि नेमकं तेव्हाच धनश्रीनं विचारलं, "आई, माझा खरा वाढदिवस कव्हाय?"

"एक जून की."

"तो गुरुजींचा हाय. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा एक जूनच हाय."

ते खरंच होतं. पहिलीत नाव घालायला गेले तेव्हा गुरुजींनी विचारलं होतं, जन्म कधीचा? अजिनाथ म्हणाला, उसातला. गुरुजींनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि एक जून टाकला. उसात जन्मलेल्या सगळ्याच पोरांना ते हीच तारीख टाकत.

"कशाला पायजे आता?" मनकर्णा म्हणाली. पाय ट्रॉलीच्या चाकावर होता.

"मूनलॅडरच्या पोरींचा ग्रुप हाय आमचा. ज्या पोरीचा वाढदिवस असतो, तिचा फोटो त्या पाची जणांच्या मधी लावत्यात. समद्या शुभेच्छा देत्यात. माझाच कव्हा लागत न्हाई."

"एक जूनलाच लाव म्हनावं."

"खोटा कशाला लावू?" धनश्री म्हणाली आणि घरात निघून गेली. ट्रॅक्टर हलला तेव्हा हात हलवायला लंकाबाई एकटीच होती.

त्या साली त्यांची टोळी संगमनेराकडं प्रवरेच्या काठाला उतरली. संध्याकाळी काम सुटलं की मनकर्णा घरी फोन लावायची.

"जेवलीस का?"

"हं."

"अभ्यास?"

"हं."

"बीजगनित येतंय का आता?"

"न्हाई."

"आजी बरी हाय का?"

"देऊ का तिच्याकडं?"

म्हणजे बोलणं संपलं. मनकर्णा मोबाईल नवऱ्याच्या हातात द्यायची आणि भाकरी थापायला बसायची. भाकरी जरा जास्तच जोरात थापली जायची.

टोळीत त्या वर्षी एक नवी पोरगी आली होती. अजिनाथच्या पुतण्याची, अंगदची बायको, ज्योती. दहावी पास. पुढं शिकायचं होतं, पण लग्न झालं. मनकर्णाला ती नानी म्हणायची. एकदा दुपारी भाकरी खाताना तिनं मोबाईलवर गाणं लावलं, आणि मनकर्णाचा घास हातातच राहिला.

"आगं, ही तर आमच्या धनश्रीची पोरं! भिताडाला चिकटवलीत तिनं. पिठाची खळ करून."

"नानी, तुमाला म्हाईतीय मूनलॅडर?"

"मला काय म्हाईत असतंय? पर मला सांग. कोन कुनाचा, कोन थोरला, काय खात्यात. समदं सांग."

"कशाला?"

"तिच्याशी बोलायला काय तरी नको का, बाई?"

ज्योतीनं मान खाली घातली नि सांगायला सुरुवात केली. हानू थोरला, टोळीचा मुकादमच म्हणा. जेबिनला मांजरं आवडतात. दोहाला पाण्याची भीती. रिऊ मासा खात नाही. सोजून सगळ्यात धाकटा, डाव्या हाताचा, एकोणीस डिसेंबरचा. मोळी बांधताना मनकर्णा पाठ म्हणायची, फळीवर चढताना ज्योती विचारायची. चुकलं की ज्योती हसायची, "नानी, नापास!" टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, मनकर्णाला ऊन बाधलंय.

वयं मात्र ज्योतीनं सरळ सांगितली नाहीत. "हानू सोजूनपेक्षा तीन वर्सानं मोठा. दोघांची वयं मिळून सत्तेचाळीस. तर सोजून केवढ्याचा? हे दहावीचं गनित हाय, नानी. सोजूनचं वय एक्स मानायचं."

"एक्स म्हंजी काय?"

"जे म्हाईत न्हाई, पर हाय, ते."

मनकर्णा थांबली. पुढ्यात नुकत्या बांधलेल्या मोळ्या पडल्या होत्या. "म्हंजी बांधलेली मोळी. आत किती ऊस हायेत, ते न सोडता कळत न्हाई."

ज्योतीनं मोळीकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय की."

"मंग सोजून एक मोळी. हानू एक मोळी आन वर तीन सुट्टे ऊस. दोन मोळ्या आन तीन ऊस मिळून सत्तेचाळीस. तीन काढले, चव्वेचाळीस राह्यले. दोन मोळ्यांत वाटले. सोजून बावीस वर्साचा." आणि लगेच कपाळाला आठी घालून, "बावीस वर्साचा घोडा झाला, आन त्याचं लगीन कसं न्हाई अजून?"

त्या संध्याकाळी फोन लागला. धनश्री "हं" म्हणाली, आणि मनकर्णा घाईघाईनं बोलून गेली, "धने, हानू सोजूनपेक्षा तीन वर्सानं मोठा. दोघांची मिळून सत्तेचाळीस. सांग, सोजून केवढ्याचा?"

पलीकडं आधी पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग एकदम, "आई, तुला कुनी सांगितलं?"

"आमाला बी कळतंय म्हनलं. आन दोहाला पाण्यात घालू नगा, भितंय ते पोरगं."

धनश्री हसली. खळखळून, मोठ्यानं. मनकर्णानं मोबाईल कानाला असा दाबून धरला की कान लाल झाला.

तिथून फोन लांबत गेले. मनकर्णा ज्योतीकडून कोडं घेऊन जायची, धनश्री सोडवायची. मग धनश्री कोडं घालायची आणि मनकर्णा दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधता बांधता उत्तर शोधायची. समीकरणाच्या एका बाजूचं दुसरीकडं नेताना चिन्ह का बदलतं, ते धनश्रीला वर्षभर कळलं नव्हतं. मनकर्णा म्हणाली, "आगं, डोक्यावरून मोळी उतरली का ट्रॉलीत वाढतीच की. तिकडं वाढलं तर हिकडं कमी." गणिताच्या बाईंना हे कितपत पटलं असतं कोण जाणे, पण धनश्रीला पटलं. अजिनाथ तक्रार करायचा, "माझ्याशी बी बोलू द्या. मी बी बापच हाय तिचा." मायलेकी त्याला दाद देत नव्हत्या.

असंच एकदा धनश्री म्हणाली, "आई, आता लई अवघड घालते. एक्स म्हंजी माझा वाढदिवस. काढून दाखव."

मनकर्णा हसली आणि "काढते की" म्हणाली. दुसऱ्या दिवशी फडात गेल्यावर तिला कळलं, की आपण कशाला हो म्हणालोय.

"काय काय आठवतंय, नानी?" ज्योतीनं विचारलं.

आठवत होतं ते असं. ऊन होतं. दुपार होती. ट्रॉली भरत आली होती आणि पोटात कळ आली. मुक्ताबाई म्हणून टोळीतली म्हातारी होती, तिनं चार बायकांची लुगडी धरून आडोसा केला. कोयता जाळावर धरला आणि नाळ तोडली. अजिनाथ आधीच्या ट्रॉलीबरोबर फॅक्टरीला गेलेला, गाड्यांची रांग मोठी, परत आला तेव्हा पोरगी दोन दिवसांची होती का तीन. आणि पट्टा पडायला, म्हणजे तोडणी संपायला, थोडेच दिवस उरले होते.

"थोडे म्हंजी किती?"

"आठ. का पंधरा. मुक्ताबाईला म्हाईत असतं, पर ती जाऊन लई वर्सं झाली."

"आन पट्टा कव्हा पडला त्या साली?"

"ते कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

ज्योतीनं ढेकळावर काडीनं काहीतरी मांडलं आणि पुसून टाकलं. "न्हाई सुटत, नानी. पट्टा पडला तो दिवस म्हाईत न्हाई, आन त्याच्या आधी किती दिवस, ते बी म्हाईत न्हाई. दोन न सोडलेल्या मोळ्या आन गाठ एकच. शाळेत बाईंनी सांगितलेलं, अशाला एक उत्तर नसतंच. हवी ती उत्तरं निघत्यात."

नवऱ्याला विचारलं. तो बराच वेळ आठवत बसला आणि म्हणाला, "ऊन हुतं."

"ऊन हुतं! उसात कव्हा ऊन नसतंय?" मनकर्णा त्याच्यावर अशी खेकसली की तो उठून बैलाला... बैल नव्हता, तर ट्रॅक्टरच्या चाकालाच पाणी मारत बसला.

फोनवर धनश्री रोज विचारू लागली. "निघाला का एक्स?" मनकर्णा "निघतोय, निघतोय" म्हणायची. चार दिवसांनी पोरीचा आवाज पुन्हा बारीक झाला. "ऱ्हाऊ दे, आई. नसंल आठवत." आणि मग, "देऊ का आजीकडं?"

ते शब्द कानावर आले आणि मनकर्णाच्या तोंडून निघून गेलं, "थांब! आठवलं. सांगनारच हुते. तुझा आन सोजूनचा एकच दिस. एकोनीस डिसेंबर."

पलीकडून जी किंकाळी आली ती अजिनाथलाही ऐकू गेली. तो धावत आला, काय झालं म्हणून. मनकर्णा हसत होती आणि डोळे पुसत होती, तेव्हा त्याला वाटलं सगळं चांगलंच असेल.

ज्योतीनं तेवढं विचारलं, "नानी, खरंच का?"

"हवी ती उत्तरं निघत्यात, म्हनलीस की."

"आवो, ते गनितात."

लंकाबाईला इंग्रजी महिने कळत नव्हते; सुनेनं सांगितला तो दिवस खरा धरून तिनं एकोणीस डिसेंबरला शिरा केला. शेजारची सृष्टी पाथर्डीहून केक घेऊन आली. ग्रुपमध्ये धनश्रीचा फोटो लागला, आणि पाची जणांच्या मध्ये नव्हे, सोजूनच्या एकट्याच्या शेजारी. कुठल्या कुठल्या गावच्या पोरींनी लिहिलं, किती नशीबवान गं तू. धनश्रीनं तो फोटो ज्योतीच्या मोबाईलवर पाठवला. मनकर्णानं उसाच्या पाल्यानं चिरलेली बोटं पदराला पुसली आणि लेकीच्या चेहऱ्यावरून फिरवली. बोट लागलं की फोटो मोठा व्हायचा. आधी ती दचकली, मग मुद्दाम करत बसली.

त्या हिवाळ्यात मनकर्णा जितकी हसली तितकी आधी कधी हसली नव्हती, असं टोळीतल्या बायका अजून सांगतात.

परीक्षा आली. बीजगणिताचा पेपर देऊन धनश्रीनं घरी येऊन चपलाही काढायच्या आधी फोन लावला. "आई, वयाचं गनित आल्तं! बाप-लेकाचं. मोळी बांधूनच सोडवलं!" मनकर्णा फडातल्या सगळ्या बायकांना सांगत सुटली. मोळ्या त्या दिवशी नेहमीपेक्षा हलक्या लागल्या.

मग होळी झाली आणि मढीची जत्रा भरली. धनश्रीच्या गावावरून मढीच्या कानिफनाथाला निशाणाच्या उंच काठ्या जातात. ओट्यावर बसून लंकाबाई दरसाल एकच गोष्ट सांगायची, ती तिनं याही साली सांगितली. "आशाच काठ्या चालल्या हुत्या बघ, आन तुझ्या जन्माचा सांगावा आला. मी नाथाला रेवडी उधळली. पोरगी आठ-धा दिसांची झालीय, म्हनत हुता सांगनारा."

एरवी ही गोष्ट धनश्रीच्या एका कानातून जाऊन दुसऱ्यातून निघायची. आता ती गणित शिकली होती. मढीची जत्रा फाल्गुनात. त्यातून आठ-दहा दिवस वजा केले, तर कुठूनही डिसेंबर येत नव्हता. तिनं मोबाईलवर जन्मसालची होळी काढून पाहिली. पुन्हा पाहिली. मग फोन लावला.

दुपार होती. मनकर्णाच्या डोक्यावर मोळी होती. ज्योतीनं मोबाईल तिच्या कानाला धरला.

"आई, मी कव्हा झाले?"

"सांगितलं की. सोजूनच्या—"

"मढीची जत्रा डिसेंबरात असती का?"

मनकर्णानं मोळी खाली टाकली. बंद तुटला आणि ऊस पसरले.

"बोल की."

"धने, मला वाटलं..."

"न्हाई आठवत, येवढंच म्हनायचं ना. सृष्टीच्या आईला बी न्हाई आठवत. माझ्या वर्गातल्या कुनाच्याच आईला न्हाई आठवत. मला काय वाटलं नसतं." तिचा आवाज चढत नव्हता, तेच वाईट होतं. "आता मी त्या पोरींना काय सांगू? खोटं बोलून सोजूनच्या शेजारी बसले म्हनून? ग्रुप सोडला मी आत्ता. हसल्या असत्या समद्या."

"तू नाराज हुतीस. बोलत नव्हतीस माझ्याशी."

"पाची जनांचं तारखेनिशी म्हाईत हाय तुला. आन माझं?"

मनकर्णाला यावर एकच गोष्ट सुचली, आणि ती खरी होती. "त्यांचं कुनीतरी लिवून ठिवलंय, बाळा. तुझं लिवायला तिथं कोन हुतं? मुक्ताबाईला अक्षर येत नव्हतं, आन माझे हात भरलेले."

बोलून झाल्यावर तिला कळलं, फोन कधीच बंद झालाय. ज्योतीनं मोबाईल खाली घेतला आणि ती पसरलेले ऊस गोळा करू लागली. मनकर्णा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझं मी बांधते." पण त्या मोळीचा बंद तीनदा पिळला तरी तिला धड पिळता आला नाही.

पाडव्याला टोळी घरी आली. धनश्रीनं पाण्याचा तांब्या आणून दिला. भिंतीवरची पोरं नव्हती. खळीचे पांढरे चौकोन तेवढे उरले होते. मनकर्णानं दोन दिवस वाट पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "धने, जेबिन दोहापेक्षा दोन वर्सानं मोठा..."

"ते जुनं झालं, आई."

"बरं."

लंकाबाईनं नातीला दटावलं, "आईनं काय खून केला का गं? तुझ्यासाठीच बोलली ती." धनश्री म्हणाली, "मी कुठं काय म्हनतीय?" आणि खरंच ती काही म्हणत नव्हती. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, विचारलं तर उत्तर द्यायची. भांडली असती तर मनकर्णाला बरं वाटलं असतं.

निकाल लागला. बीजगणितात धनश्री शाळेत पहिल्या तिघींत आली. एक जूनला मनकर्णानं न सांगता शिरा केला. धनश्रीनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "गुरुजींना पन पाठवायचा का?" अजिनाथ हसला, कारण त्याला ती चेष्टा वाटली. मनकर्णानं कढई उचलून मोरीत नेली.

अकरावीला धनश्री संगमनेरला गेली, वसतिगृहात. दिवाळीनंतर टोळी पुन्हा प्रवरेकाठीच उतरली. लेकीचं कॉलेज फडापासून एवढं जवळ, की रात्रपाळीचा ऊस घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरला वाटेत त्याचा दरवाजा दिसायचा. अजिनाथ एकदा जाऊन शेंगदाण्याचे लाडू देऊन आला. "तब्येत सुधारलीय," म्हणाला. "तुझं विचारलं."

"काय विचारलं?"

"बरीय का म्हनली."

"तुमी काय म्हनलात?"

"हं म्हनलो."

डिसेंबर आला. धुकं पडू लागलं, उसाच्या पाल्यावरचं दव कपाळावर गळायचं. एका दुपारी ज्योतीनं भाकरी खाताना गाणं लावलं आणि मग स्वतःच चपापून बंद केलं. मनकर्णा म्हणाली, "लाव की. माझं काय वैर हाय त्यांच्याशी?"

गाणं संपलं. तारीख ज्योतीला ठाऊकच होती, पण काहीतरी बोलायचं होतं म्हणून ती बोलली. "नानी, ह्याच आठवड्यात सोजूनचा वाढदिवस असतो ना? कोनती तारीख वो ती?"

मनकर्णानं भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला. उठली, वाढं घेतलं, पिळायला लागली.

"मला न्हाई आठवत," ती म्हणाली.

आणि मोळीवर गुडघा दाबून तिनं गाठ आवळली.